ज्यांच्या कमरेला बेल्ट आला नाही

गेले काही दिवस आपण ज्याला त्यातल्या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या नावावरून सरसकट 'डब्ल्यूडब्ल्यूई' म्हणतो त्या व्यावसायिक कुस्तीच्या मुंबईतल्या चाहत्यांमध्ये एक मजकूर मोबाइलवरून सतत पुढे पाठवला जात आहे. 'अंडररेटेड पैलवान (म्हणजे लायकीपेक्षा कमी लेखला गेलेला) असे काही नसते' हे त्याचे मुख्य विधान आहे आणि त्याच्या समर्थनार्थ चार मुद्दे दिले आहेत: ज्याच्यात दम होता त्याला कंपनीने बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, दिलाच, निकाल आधीच ठरलेला असल्यामुळे हरायला कौशल्य लागत नाही, हरणाऱ्याला पाहायला कोणी तिकीट काढत नाही, आणि ज्याला संधी मिळाली नाही, त्याने ती कमावलीच नाही. हे चारही मुद्दे मला चुकीचे वाटतात. दुसरा तर अन्यायकारक वाटतो, म्हणून त्यावर अधिक विस्ताराने लिहितो.

बेल्ट हे गुणवत्तेचे माप आहे, हा पहिला मुद्दा. २००७ च्या जुलैमध्ये तेव्हाचा विजेता एज जखमी झाला, वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिप रिकामी झाली आणि २० जणांच्या बॅटल रॉयलमधून, म्हणजे शेवटी रिंगमध्ये उरेल तो जिंकेल अशा लढतीतून, ती द ग्रेट खलीकडे गेली. खलीबद्दल मला आदर आहे, परंतु त्या वेळी रिंगमध्ये त्याच्याहून सरस कुस्ती करणारे अनेकजण होते, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. भारतीय वंशाच्या जिंदर महालचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१४ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले, २०१६ मध्ये परत घेतले, त्यानंतरही तो बहुतेक वेळा हरतच होता, आणि २१ मे २०१७ रोजी त्याने रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिप जिंकली. भारतातला प्रेक्षक वाढवण्याचा विचार त्यामागे होता, असे तेव्हा सर्वत्र मानले गेले. काही आठवड्यांत त्याचे कौशल्य बदलले नव्हते, बदलली होती ती कंपनीची गरज. बेल्ट देताना पैलवानाची लोकप्रियता आणि त्याच्यावरचा विश्वासही पाहिला जातो हे मान्य केले पाहिजे, पण ज्या मापात इतक्या गोष्टी मिसळलेल्या आहेत त्याने केवळ गुणवत्ता मोजता येणार नाही.

हा गैरसमज आपल्या पिढीत कुठून आला, याचा मी विचार केला तेव्हा मला नव्वदच्या दशकातली ट्रम्प कार्डे आठवली. चाळीच्या गॅलरीत बसून आम्ही ती खेळत असू. कार्डावर उंची, वजन, छाती, दंड आणि जिंकलेल्या लढती यांचे आकडे असत, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे पत्ता जाई. समोरच्याला मोठे करून दाखवण्याची कला त्या कार्डावर छापता येण्यासारखी नव्हती.

आता दुसरा मुद्दा. 'सगळी नुरा कुस्ती आहे, मग हरण्यात काय विशेष?' निकाल ठरलेला असतो हे खरे आहे आणि कंपन्यांनीही ते केव्हाच मान्य केले आहे. पण पडणे ठरवून टळत नाही. रिंगच्या तळाशी लोखंडी तुळया असतात, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडताना हनुवटी छातीला चिकटवावी लागते, श्वास सोडावा लागतो, दोन्ही हात त्याच क्षणी जमिनीवर सपाट आपटावे लागतात, म्हणजे आघात पाठीच्या वरच्या भागावर पसरतो आणि मान वाचते. याला 'बम्प' म्हणतात आणि शिकाऊ पैलवान सुरुवातीला दिवसेंदिवस तेवढेच शिकतो. बॉडी स्लॅम किंवा सुप्लेक्स अशा उचलून आपटण्याच्या डावांमध्ये उचलला जाणाराही योग्य क्षणी उडी देतो. त्याने ती दिली नाही, तर उचलणाऱ्याच्या ताकदीची मर्यादा उघडी पडते. त्यानंतर 'सेल' करायचे, म्हणजे तो फटका कुठे बसला आणि किती लागला हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल अशा रीतीने शरीराने सांगायचे. पहिल्या मिनिटाला गुडघ्यावर मार बसला असेल, तर पंधराव्या मिनिटालाही पाय लंगडला पाहिजे. आपल्या तालमीत ज्या जोडीदारावर नवा डाव घोटला जातो, त्याची किंमत वस्तादाला ठाऊक असते. इथे तेच काम हजारो लोकांसमोर करायचे असते.

याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण कर्ट हेनिग, म्हणजेच मिस्टर परफेक्ट. एडब्ल्यूए या दुसऱ्या अमेरिकन कंपनीत तो १९८७ ते १९८८ या काळात विश्वविजेता होता, पण डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (डब्ल्यूडब्ल्यूईचे तेव्हाचे नाव) त्याला मुख्य चॅम्पियनशिप कधीच मिळाली नाही. २६ ऑगस्ट १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समरस्लॅम या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमातल्या लढतीत तो ब्रेट हार्टसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झालेली होती आणि पुढे वर्षाहून अधिक काळ तो स्पर्धात्मक लढतींपासून दूर राहिला. त्या अवस्थेत त्याने पूर्ण लांबीची लढत दिली, नेहमीसारखे बम्प घेतले आणि शेवटी शार्पशूटर या ब्रेटच्या पाय पिळण्याच्या पकडीत हार मानून इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियनशिप, म्हणजे कंपनीचा दुय्यम बेल्ट, सोडली. एकट्याने खेळणारा पैलवान म्हणून ब्रेट हार्टचा हा त्या कंपनीतला पहिला बेल्ट होता. ब्रेट पुढे मोठा झाला, तो स्वतःच्या गुणांवर झालाच, परंतु त्या रात्री त्याच्याविषयी प्रेक्षकांना जो विश्वास वाटला, तो उभा करण्यात दुखऱ्या पाठीच्या हेनिगचा वाटा निम्मा होता असे मी मानतो. 'हरायला काय लागते' असे लिहिणाऱ्याने ती लढत एकदा केवळ हेनिगकडे लक्ष ठेवून पाहावी.

हरणाऱ्याला पाहायला कोणी येत नाही, हा तिसरा मुद्दा मुंबईत बसून कोणी लिहावा याचे मला विशेष वाईट वाटते. दारासिंगच्या फ्रीस्टाइल लढतींना या शहरात तुडुंब गर्दी होत असे, आणि त्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे दारासिंगच्या नावामागोमाग किंगकाँगचे नाव घेतात. एमिल झाया हे त्याचे मूळ नाव. त्याचा अवाढव्य देह आणि आरडाओरडा यांमुळेच दारासिंगने त्याला उचलण्याला अर्थ येत असे, आणि लोक तो क्षण पाहायला तिकीट काढत. तसाच जेक 'द स्नेक' रॉबर्ट्स. हळू आवाजात बोलून तो सगळे सभागृह गप्प करी, समोरच्याचे डोके काखेत धरून खाली आपटण्याचा त्याचा डीडीटी हा डाव पुढे असंख्य पैलवानांनी उचलला, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये त्याला एकही बेल्ट मिळाला नाही.

संधी न मिळालेल्याने ती कमावलीच नाही, या चौथ्या मुद्द्याला उत्तर म्हणून दोन प्रसंग पुरेसे आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत रॉ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या साप्ताहिक कार्यक्रमात चार महिला पैलवानांची टॅग लढत (दोघींविरुद्ध दोघी) जेमतेम अर्ध्या मिनिटात संपवण्यात आली. तेवढ्या वेळात कोणी काय कमावायचे होते? प्रेक्षकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, हळूहळू महिलांना वेळ मिळू लागला, आणि २०१९ मध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाची शेवटची, मुख्य लढत महिलांची झाली.

दुसरा प्रसंग बॅरी होरोविट्झचा. इतरांना जिंकवण्यासाठीच ज्याला रिंगमध्ये पाठवले जाई, असा हा पैलवान. पक्के तंत्र, स्वच्छ बम्प, आणि रिंगमध्ये स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेण्याची त्याची लकब. वर्षानुवर्षे हरल्यानंतर १९९५ च्या जुलैमध्ये त्याने स्किप नावाच्या पैलवानाला अचानक चीत केले आणि समालोचकाचा आवाज टिपेला गेला. कंपनीने पुढच्याच महिन्यात समरस्लॅममध्ये या दोघांची पुन्हा लढत लावली आणि होरोविट्झ तीही जिंकला.