‘रिव्हॉल्व्हर’ची गोळी ऋषिकेशातून सुटली नव्हती

तो मेसेज मला आधी तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुढे सरकले होते. चौथ्यांदा आला तो भाचीच्या वहीतून. ती तबला शिकते. क्लासच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं निवेदन यंदा तिच्याकडे आहे, आणि काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला तोच मजकूर तिने सुरुवातीला उतरवून घेतला होता. “मावशी, फक्त शुद्धलेखन बघ,” म्हणाली. शुद्धलेखन ठीक होतं. बाकी काहीच ठीक नव्हतं.

मजकूर थोडक्यात असा: बीटल्स हा पोरकट प्रेमगीतं गाणारा इंग्लिश बँड. १९६८ मध्ये ते ऋषिकेशला आले, तिथे पंडित रविशंकरांनी त्यांना सतार शिकवली, आणि परत जाऊन त्यांनी ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम केला. पाश्चात्त्य संगीत कायमचं बदललं. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात वेदमंत्र उलटे वाजवून दडवले आहेत. सगळा अल्बम ॐकाराच्या ४३२ हर्ट्‌झवर लावला आहे. मुखपृष्ठावरच्या केसांत ॐ लपला आहे. आणि भारतीय कलाकारांची नावं गोऱ्यांनी दडपली. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.

‘रिव्हॉल्व्हर’ इंग्लंडमध्ये आला ५ ऑगस्ट १९६६ रोजी. ऋषिकेशची वारी झाली फेब्रुवारी १९६८ मध्ये. म्हणजे बारसं आधी आणि लग्न नंतर. खरं तर इथेच विषय संपायला हवा होता. पण मी ग्रुपवर एवढंच लिहिलं तर काकांचं उत्तर आलं, “तारखांचा घोळ असेल गं, मूळ मुद्दा तर खरा आहे ना?” बरं, मग मूळ मुद्दाच घेऊ.

माझा बहुतेक भार एकाच पुस्तकावर आहे, तेही सांगून टाकते. मार्क लुइसन यांनी बीटल्सच्या रेकॉर्डिंगची दिवसवार नोंद असलेलं पुस्तक १९८८ मध्ये काढलं. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या मूळ टेपा ऐकून, स्टुडिओचे कागद चाळून आणि तिथे काम केलेल्यांशी बोलून लिहिलेलं. कुठल्या तारखेला कुठलं गाणं झालं, हे त्यात बघता येतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढं केलं असतं तर माझी संध्याकाळ वाचली असती.

सतारीचं आधी. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने सतार पहिल्यांदा जवळून पाहिली १९६५ मध्ये, लंडनमध्येच, एका सिनेमाच्या सेटवर. मग लंडनच्याच ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून एक सतार घेतली आणि त्या ऑक्टोबरात ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात ती वाजवली. कुणाकडे न शिकता, गिटारच्या सवयीने. रविशंकरांची आणि त्याची भेट झाली जून १९६६ मध्ये, तीही लंडनमध्ये. तोवर ‘रिव्हॉल्व्हर’मधलं सतार-तबल्याचं गाणं, ‘लव्ह यू टू’, होऊन दोन महिने झाले होते. रीतसर शिकायला तो भारतात आला सप्टेंबर १९६६ मध्ये, आधी मुंबईत आणि मग श्रीनगरला. म्हणजे भारतात शिकला, रविशंकरांकडे शिकला, हे खरं. पण ऋषिकेशला नाही, आणि अल्बम दुकानात आल्यावर.

ऋषिकेशला ते गेले महर्षी महेश योगींकडे ध्यान शिकायला. तिथे त्यांनी गाणी मात्र ढिगाने लिहिली. ती गाणी नोव्हेंबर १९६८ च्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या दुहेरी अल्बमवर आली. तीस गाणी आहेत त्यावर. सतार किती गाण्यांत? एकातही नाही! आश्रमात हाताशी होत्या गिटारी. सोबत आलेल्या डोनोव्हन या गायकाने बीटल्समधल्या जॉन लेननला बोटांनी तारा छेडायची एक पद्धत शिकवली, आणि ‘डिअर प्रुडन्स’, ‘जूलिया’ यांत ती स्वच्छ ऐकू येते. ऋषिकेशने बीटल्सना काय दिलं याचं वाद्यापुरतं उत्तर गिटार असं आहे. हे फॉरवर्डमध्ये घालून बघा, कुणाला अभिमान वाटतो ते.

आता वेदमंत्र. गाणं आहे ‘टुमॉरो नेव्हर नोज’. अल्बमवर शेवटचं, पण रेकॉर्ड झालं सगळ्यांत आधी, ६ एप्रिल १९६६ ला. त्याचे शब्द कुठून आले हे गुपित नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी आणि दोघा सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लिहिलेल्या एका पुस्तकातून. ते पुस्तक एलएसडी हा अमली पदार्थ घेताना मन कसं सांभाळावं यावर आहे, आणि ते बेतलं आहे तिबेटी बौद्धांच्या मृत्युग्रंथावर. वेदांचा संबंध शून्य. भाचीच्या वहीत ‘वेदमंत्रांची शक्ती’ असं लाल शाईने अधोरेखित होतं. अमली पदार्थाच्या पुस्तिकेला बारा वर्षांची मुलगी मंचावरून वेदमंत्र म्हणणार होती, मला चिडायला एवढं पुरेसं आहे.

आणि उलटं काय वाजतं? टेपा. बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीने घरी टेपचे छोटे तुकडे गोल चिकटवून आणले होते. ते स्टुडिओच्या इमारतीत ठिकठिकाणच्या यंत्रांवर एकाच वेळी फिरवले. टेप ताणून धरायला माणसं पेन्सिली घेऊन उभी होती आणि इकडे मिक्सरवर एकेक आवाज आत-बाहेर सोडला जात होता. समुद्रपक्षी ओरडल्यासारखा जो आवाज येतो ना, ते मॅकार्टनीचं हसणं आहे, वेग वाढवलेलं. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. तो काढला हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लाउडस्पीकरमधून, आणि बटणांपाशी बसलेला इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. या अल्बमचं वळण मला इथे दिसतं. स्टेजवर वाजवता येणार नाही असं संगीत त्यांनी मुद्दाम केलं. त्याच ऑगस्टमधल्या शेवटच्या दौऱ्यात ‘रिव्हॉल्व्हर’मधलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नाही, आणि तो दौरा संपल्यावर कार्यक्रमच बंद केले. ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्यात बँडमधल्या चौघांपैकी एकाच्याही हातात वाद्य नाही, आठ तंतुवादक वाजवतात. दुसऱ्या एका गाण्यात अमेरिकी सोल संगीताच्या वळणाची ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आहे. चौदा गाण्यांत सतार-तबल्याचं एक. तेवढ्यावरून सगळ्या वळणाचं श्रेय घ्यायचं म्हणजे लग्नात एक पदार्थ पाठवून यजमान म्हणून मिरवण्यासारखं आहे.

४३२ हर्ट्‌झबद्दल, म्हणजे सुराच्या उंचीच्या त्या आकड्याबद्दल, काय बोलायचं? या अल्बममध्ये टेपचा वेग जागोजागी कमी-जास्त केला आहे, त्यामुळे काही गाणी दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडतात. आणि मुळात ज्या संगीतात सा गवयाच्या गळ्याला सोयीचा तिथे लागतो, त्या संगीताच्या नावाने एक ठरावीक आकडा पवित्र कसा झाला? भाचीचा तबला कधी पेटीच्या ‘काळी एक’ या सुराला लागतो, कधी ‘काळी चार’ला. तिलाच विचारलं. ती म्हणाली, “हो की!”

मुखपृष्ठ क्लाउस फोरमान या जर्मन मित्राने काढलं, त्याला ग्रॅमी मिळालं. केसांत छोटे फोटो आहेत, ॐ नाही. पुढे.

राहिला नावं दडपल्याचा आरोप, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचा आला. कारण ‘रिव्हॉल्व्हर’च्या मागच्या बाजूला, ‘लव्ह यू टू’ समोर तबलजीचं नाव छापलेलं आहे: अनिल भागवत. हे आडनाव वाचून तरी मराठीत फॉरवर्ड करणाऱ्याने क्षणभर थांबायचं होतं. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती, अयाना अंगडी आणि त्यांची पत्नी ती चालवत. अंगडींनी भागवतांना फोन केला, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळा आहेस का. कोण जॉर्ज ते सांगितलं नाही. न्यायला दारात रोल्स रॉइस आली तेव्हा त्यांना उमगलं. स्टुडिओत हॅरिसनबरोबर तबला लावला, त्याने सोळा मात्रांत रविशंकरांच्या धाटणीचं काहीतरी सुचवलं, आणि पुढचं भागवतांनी आपल्या मनाने वाजवलं. हे सगळं त्यांनी स्वतः लुइसनना सांगितलं आहे. नाव दडपलं ते कुणी, तबकडी छापणाऱ्यांनी की त्याच जागी रविशंकरांचं नाव चिकटवून मेसेज लिहिणाऱ्याने?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते, नाइलाजाने. दडपणुकीच्या आरोपात अर्धं सत्य आहे. त्याच ‘लव्ह यू टू’मध्ये भागवतांखेरीज सर्कलचे जे वादक होते त्यांची नावं छापली नाहीत, आणि सतार कितपत हॅरिसनची आणि कितपत त्यांची यावर अजून वाद आहे. पुढच्या वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बममध्ये तर दिलरुबा, तबला, तानपुरा वाजवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव तबकडीवर नाही. बरीच वर्षं ते निनावी राहिले. काकांना यावर मेसेज लिहायचा असेल तर मी मजकूर तपासून देईन.

हेही सांगते, की मुंबईत जानेवारी १९६८ मध्ये, म्हणजे ऋषिकेशच्या आधीच, हॅरिसनने एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांकडून एका गाण्याचं वाद्यसंगीत करून घेतलं. बीटल्सचं खरोखर भारतात रेकॉर्ड झालेलं काही असेल तर हे. त्याचे शब्द चिनी ताओ ग्रंथावरून घेतलेले, त्यामुळे अभिमानाच्या मेसेजांत ते बहुधा बसत नसावं.

भाचीने पान फाडलं नाही, खोडून वर लिहिलं. मग तिने ‘लव्ह यू टू’ लावलं, तबला सुरू झाल्यावर मांडीवर टाळी-खाली धरून बसली, आणि दोनदा मागे नेऊन ऐकलं. काकांना तिनेच व्हॉइस मेसेज पाठवला, मी नाही. तिची शंका वेगळीच होती: निवेदनात नावाआधी पंडित म्हणायचं की श्री? मी म्हटलं, तबकडीवर नुसतं अनिल भागवत आहे, तसंच म्हण.