‘बे’ कोणाला म्हणायचं, हेही शिकावंच लागतं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: सामाजिक जाणीव घरच्या संस्कारांतून येते, ती काही शिकवायची गोष्ट नाही. ‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ’ एवढं सांगितलं की पुरे. शाळेत त्यासाठी वेळ देणं म्हणजे अमेरिकेची नक्कल आणि अभ्यासाचा खोळंबा. खाली अंगठ्यांची रांग. मी नागपुरात सातवीला गणित शिकवतो. माझा अंगठा काही उठला नाही.

‘संस्कारांतून येते’

गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगा वर्गात आला. संस्कारांना नाव ठेवायला जागा नाही. तिसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत तोंड पाडून माझ्यापुढे उभा. “सर, हा मला शिव्या देतो.” शिवी कोणती, तर “काऊन बे, डबा नाही आनला का?” म्हणजे आमच्या नागपुरी बोलीत ‘का रे, डबा नाही आणला का?’ विचारणारा अर्धी पोळी हातात घेऊन मागेच उभा होता, आपलं चुकलं काय, हेच त्याला कळेना.

दोघांचेही संस्कार शाबूत होते. अडलं होतं ते दुसरीकडेच. पुढच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं, ‘बे कोणाला चालतं?’ मित्राला चालतं. आईला नाही. मोठ्या भावाला चालतं का, यावर वर्गात भांडण. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, मित्राला चालते, पण त्याच्या बाबांसमोर नाही म्हणत.” जन्म नागपुरात गेला, पण हा नियम मला असा शब्दांत कधी मांडता आला नव्हता.

अमेरिकेतली ‘कासेल’ ही १९९४ साली सुरू झालेली संस्था सामाजिक-भावनिक शिक्षणाची पाच कौशल्यं सांगते. सामाजिक जाणीव त्यातलं एक. समानुभूती तर त्यात आहेच, पण ठिकाणागणिक बदलणारे असे अलिखित नियम ओळखणं आणि घरात, शाळेत, वस्तीत मदत कुठे मिळेल हे माहीत असणंही त्यातच येतं. हे सगळं एका घरात बसून कसं कळणार? आणि संस्कार म्हणजे तरी काय, कोणीतरी शिकवलेलंच ना!

‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवलं की झालं’

मला खरी हरकत इथे आहे. पुण्याच्या मुलानं नेमकं तेच केलं होतं. ‘मी कोणाला बे म्हणालो असतो, तर तो अपमानच असता,’ असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या जागी जाताना आपण स्वतःचं डोकं सोबत घेऊन जातो. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली २५ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं ओळखण्यात अचूकता वाढली नाही. त्याच्याशी बोलून, विचारून घेतल्यावर मात्र वाढली. विचारायचं कसं, चारचौघांत की बाजूला घेऊन, हा सरावाचा भाग आहे.

‘अमेरिकेची नक्कल’

नाव तिकडचं, कबूल. शून्य सोडलं तर माझ्या गणिताच्या पुस्तकातलंही बरंच बाहेरचंच आहे.

‘अभ्यासाचा खोळंबा’

जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा, म्हणजे २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या अभ्यासांत शैक्षणिक कामगिरी मोजली होती, त्यांत सरासरी ११ शतमकांची वाढ दिसली. १०० मुलांच्या रांगेत मधोमध असलेला मुलगा ११ जणांना ओलांडून पुढे गेला, असं समजा. याचं श्रेय एकट्या सामाजिक जाणिवेला देता येत नाही. त्या उपक्रमांत इतर कौशल्यंही होती. शिवाय ही सरासरी आहे. फळ्यावर सुविचार लिहून उरकलेला तास तिच्यात बसत नाही, आणि तसल्या तासाबद्दल फॉरवर्डवाल्यांशी माझं भांडणही नाही.

आमच्या ‘बे’च्या चर्चेत वीसेक मिनिटं गेली. त्या दिवशी अपूर्णांकांचा एक सरावसंच राहिला. तो शनिवारी घेतला.