आलमट्टीकडं बोट दाखवून झालं असेल तर...

जुलै लागला की सांगलीत फोन उचलल्या उचलल्या एकच प्रश्न: "आयर्विन पुलाला पाणी किती फूट?" ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ च्या पुढं गेलं. पूर आला की सगळे म्हणतात, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळं पाणी तुंबलं. आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवरची पिवळट रेघ मी अजून रंगवू दिलेली नाही.

भाचा बेल्जियममध्ये अँटवर्पला नोकरीला आहे. परवा म्हणाला, "मामा, इथं सरकारनं नदीला शेतं दिलीत. सायकलवरून बघून आलो." म्हटलं, पोरगं चेष्टा करतंय. मग वाचत बसलो.

अँटवर्प हे समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटर आत, स्खेल्ड नदीवरचं बंदर. नदीतून भरती आत येते, अवाढव्य जहाजंही येतात. १९५३ च्या वादळी भरतीत शेजारच्या नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. डचांनी मग बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी धरणं घातली, पण अँटवर्पला जाणारी ही खाडी उघडी ठेवली. बंद केली असती तर अँटवर्पचा धंदाच बसला असता. १९७६ ला बेल्जियममध्ये पुन्हा बांध फुटले आणि १९७७ ला 'सिग्मा' योजना आली. बांध उंच केलेच, पण काठाला जागाही मोकळी केली. क्रुइबेकेला सुमारे ६०० हेक्टर! नदीकडचा बांध मुद्दाम ठेंगणा, गावाकडचा उंच. वादळी भरतीचं पाणी ठेंगण्या बांधावरून आत पसरतं आणि ओहोटीला दारांतून परत जातं. एरवीही थोडी भरती रोज आत घेतात, म्हणून चिखलपट्टी तयार झाली, पक्षी आले.

हे काही साधुसंतांचं काम नव्हे. जहाजांसाठी तीच नदी उकरतात, आणि पात्र खोल झालं की भरती जास्त आत घुसते. शिवाय हेडविगे पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेली जमीन, पाण्याला सोडायचा करार झाला २००५ ला, बांध उघडायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात भांडणं, कोर्ट. वाडवडिलांनी समुद्राकडून हिसकावलेली जमीन परत द्यायची? तिथल्या लोकांचा राग मला कळतो.

आमच्या कृष्णेला भरती नाही की जहाज नाही. कोयना आहे, वारणा आहे. पण नदीची जागा खाण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही. शामरावनगरची काळी रानं बघा, गुंठेवारीतले प्लॉट बघा, भराव टाकून बुजवलेले ओत बघा. ओत म्हणजे पुराचं पाणी चढायची-उतरायची वाट, हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं. आलमट्टीचा हिशेब मागावाच. पण आमचे ओत काही कर्नाटकानं बुजवलेले नाहीत.

आता पूर अडवायला नदीकाठी भिंत बांधा म्हणतात. बांधा. अडलेलं पाणी पलीकडच्या काठाला सांगलवाडीत जाईल, त्यांना काय सांगणार?

माझं म्हणणं एवढंच, उरलेले ओत आणि मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, रानं पुरासाठी राखा, आणि ज्याचं रान राखायचं त्याच्या हातात पैसे आधी द्या. नुसती पुराची निळी रेषा नकाशावर ओढून निघून गेलात तर तो रातोरात गुंठे पाडून विकणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. म्हणाला, "मग आपली मळी द्याल का, मामा?"

तीस गुंठे, ऊस उभा. थोडा वेळ गप्पच बसलो. मग विचारलं, "तिकडं दर काय दिला रे?"