फोटोत आई आहे, पण ती हरिणी नाही

काल रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर तोच फोटो पुन्हा टाकला. तीन 'बिबटे' एका हरिणीला झोंबलेत, एकाने तिचं नरडं धरलंय, आणि ती मान ताठ करून लांब कुठेतरी बघतेय. खाली मजकूर असा की दोन पिल्लं निसटावीत म्हणून आईने स्वतःला बिबट्यांच्या हवाली केलं, शेवटच्या श्वासापर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि हे टिपणारा फोटोग्राफर डिप्रेशनमध्ये गेला. त्याखाली मावशीची स्वतःची भर: 'आई अशी असते.' टोमणा कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. धाकटी बहीण सोमवारीच कामावर रुजू झालीय, बाळ सहा महिन्यांचं आहे.

एरवी मी असले फॉरवर्ड सोडून देते. हा नाही सोडणार.

मुळात ते बिबटे नाहीत, चित्ते आहेत. फोटो मोठा करून बघा. डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ आणि अंगावर भरीव ठिपके. बिबट्याला ती रेघ नसते, आणि त्याचे ठिपके मधून पोकळ, फुलासारखे. शिवाय तो एकांडा. दबा धरून शिकार करणार आणि जमलं तर ती झाडावर नेऊन ठेवणार. सफारीत कित्येकदा आधी फांदीवरून लोंबणारी शेपटीच दिसते. तीन बिबटे मिळून भर उन्हात एक शिकार उभीच धरून आहेत, असा फोटो ज्याला मिळेल तो डिप्रेशनमध्ये नाही, आनंदाने वेडा होईल.

आणि 'तो' फोटोग्राफरही नाही, बाई आहेत. ॲलिसन बुटिजिएग. केनियातल्या मासाई मारामध्ये त्यांनी २०१३ साली हा फोटो काढला. २०१७ मध्ये ही कहाणी जगभर फिरायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःच ती खोटी असल्याचं सांगितलं. डिप्रेशन वगैरे काही नाही. वैताग आला तो लोकांच्या मेसेजेसचा.

त्यांनी सांगितलेली हकिकत अशी: नरडं धरलेली ती नराशा, चित्त्याची मादी. सोबतची दोन तिचीच मोठी झालेली पिल्लं. शिकार कशी पाडायची ते ती त्यांना शिकवत होती, म्हणून पकड घेऊनही लगेच मारत नव्हती. पोरांना काही उमजेना, ती दोघं शिकारीशी खेळतच बसली. फोटोतली हरिणी म्हणजे इम्पाला, आफ्रिकेतलं एक हरीण; ती हलत नव्हती ती बहुधा धक्क्याने गोठल्यामुळे. म्हणजे ज्या आईचं कौतुक करायचं ती फोटोत आहेच, फक्त ती कामावर आहे आणि पोरांना काम शिकवतेय. घाला हे फॉरवर्डमध्ये!

पिल्लांकडे लावलेल्या नजरेबद्दल काय बोलायचं? हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यातून मान दुसऱ्याच्या जबड्यात. आणि इम्पालाला एका वेळी बहुतेक एकच पिल्लू होतं, दोन कुठून आणलीत?

एक मान्य करते. हरणांच्या माद्या पिल्लासाठी धोका पत्करतात, थॉमसन गॅझेल या आफ्रिकेतल्या छोट्या हरणाची आई कोल्ह्याच्या अंगावरसुद्धा धावून जाते. पण ती कोल्ह्याला पळवून लावायला धावते, त्याचं जेवण व्हायला नाही.

मावशी, राग मानू नकोस. बुधवारी दुपारी बाळाजवळ कुणी नाहीये. दोन ते पाच येशील का?