‘सुरी लागली की गाठ पसरते’ : एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, पाणीकपातीची सूचना आणि कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधे, एक मेसेज येऊन पडला. सुरुवातीला तीन लाल दिवे, शेवटी जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा : मेंदूत निघालेली गाठ कॅन्सरचीच असते. सुरी लागली की ती पसरते. मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा चालत नाही. गाठ परत येतेच, मग डोकं फोडून घ्यायचं कशाला? हे सगळं मोबाइलमुळे होतं. आणि अमुक पानांचा काढा एकवीस दिवस घेतला की गाठ विरघळते, पण डॉक्टर पैशापायी हे सांगत नाहीत.

खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, यात कितपत तथ्य?’

ठाण्यात डोक्याच्या आणि पाठीच्या गाठी काढण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हा मजकूर मला नवा नाही. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हा तो गावाकडच्या मामांच्या तोंडून यायचा. ग्रुपवर एका ओळीत उत्तर मावेना, म्हणून हे लांबण लावतोय.

पहिलं वाक्य सरळसरळ चूक. कवटीच्या आत वाढणाऱ्या गाठींच्या जाती पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या कित्येक कॅन्सर नसतात. मेनिन्जिओमा मेंदूतून नव्हे, मेंदूवरच्या आवरणातून उगवतो. तो बहुतेक वेळा साधा असतो, वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढीचं संप्रेरक सोडणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीची गाठही बहुधा साधीच. तिचे काही पेशंट माझ्याआधी सोनाराकडे जाऊन आलेले असतात, कारण बोटातली अंगठी निघेनाशी झालेली असते. चपलेचा नंबरही वाढलेला असतो, पण तिकडे कोण लक्ष देतो! ही गाठ आम्ही बहुतेकदा नाकातून दुर्बीण घालून काढतो, डोक्यावरचा एक केस न कापता. कानाच्या नसेवरची गाठ तिसरी. तिच्यात फोन नकळत दुसऱ्या कानाला लागायला लागतो.

मात्र ‘साधी’ या शब्दानं लोक फसतात. कवटी ही बंद पेटी. आत वाढणारी वस्तू गरीब असो की गुंड, जागा ती कुणाची तरी घेणारच. पाचपाखाडीतल्या एक बाई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. सकाळी उठल्यावर डोकं ठणकायचं, उलटी झाली की बरं वाटायचं. एमआरआयमध्ये मेनिन्जिओमा निघाला, आवळ्याहून मोठा. घरच्यांनी विचार केला, साधी आहे ना, मग सुरी कशाला लावा, लावली तर पसरेल. आठ महिने गेले. त्या परत आल्या तेव्हा आतल्या दाबानं डोळ्यांच्या नसा सुकत आल्या होत्या. गाठ पूर्ण निघाली, रिपोर्ट ग्रेड एकचा, म्हणजे साध्यातला साधा आला, कुठे काही पसरलं नव्हतं. नजर मात्र आली नाही. चकलीचा सोऱ्या आता सून फिरवते.

म्हणून ‘सुरी लागली की पसरते’ या वाक्यावर मी जरा जास्तच थांबणार आहे. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या आधारपेशींतून निघणारी गाठ पसरते, हे खरं. पण ती ऑपरेशनच्या आधीच पसरलेली असते. एमआरआयवर दिसणारी कड ही तिची खरी कड नव्हे. पेशी त्या कडेच्या पुढे मेंदूच्या पांढऱ्या तंतूंतून वाट काढत गेलेल्या असतात. अमेरिकेत वॉल्टर डँडी या सर्जननं १९२८ साली एक टोकाचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची डावी बाजू गाठीमुळे आधीच लुळी पडली होती, अशा काही पेशंटांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच त्यानं काढून टाकला. तरीही गाठ परतली. अख्खा अर्धा मेंदू काढूनही जी मागे राहते, ती सुरीनं पसरली म्हणायची? उलट मेंदूतच जन्मलेली गाठ फुप्फुसात किंवा यकृतात जाऊन बसणं फार विरळा. बायोप्सीत रक्तस्राव होऊ शकतो, हा खरा धोका आहे आणि सही घेताना तो आम्ही सांगतो. पसरण्याची गोष्ट म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आजार बळावल्यावर माणूस ऑपरेशनला तयार होतो, पुढे आजार आपल्या वाटेनं जातो आणि नाव सुरीचं होतं.

भीती मात्र हवेतून आलेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कवटी उघडणं म्हणजे निम्मी तिरडी बांधणंच होतं. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९३१ पर्यंत मेंदूच्या दोन हजार गाठींवर ऑपरेशनं केली आणि मृत्यूचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आणलं, तेही अँटिबायोटिक नसताना, स्कॅन नसताना. आज आमच्या हाताशी मायक्रोस्कोप आहे, स्कॅनवरून वाट दाखवणारं नॅव्हिगेशन आहे. बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल तर पेशंटला जागं ठेवून, गप्पा मारत काढता येते, कारण मेंदूला स्वतःला वेदना नसते. तरीही माझ्या हातून इजा झालेल्या आहेत. कानाच्या नसेवरची गाठ काढताना एका तरुणाची चेहऱ्याची नस दुखावली. तो दर दिवाळीला भेटायला येतो, आणि बोलता बोलता न मिटणाऱ्या डाव्या डोळ्यात थेंब घालतो. त्याच्यापुढे मी ‘धोका नसतो’ असं म्हणू शकत नाही आणि इथेही म्हणणार नाही.

आता मणका. मज्जारज्जूला दाबणारी गाठ लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८७ साली प्रथम यशस्वीपणे काढली. क्ष-किरणांचा शोधही त्यानंतर आठ वर्षांनी लागला. गाठ कुठे आहे ते मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी नुसतं तपासून ठरवलं होतं. पाय गेलेला तो लष्करी अधिकारी पुन्हा चालू लागला, कामावर रुजू झाला. दुसरीकडचा कॅन्सर मणक्यात उतरून मज्जारज्जू दबला असेल तर काय करावं, यावर २००५ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. नुसती रेडिएशन घेतलेल्यांपैकी ५७ टक्के चालू शकले. आधी ऑपरेशन आणि मग रेडिएशन घेतलेल्यांपैकी ८४ टक्के. ऑपरेशननंतर पेशंट कसा असेल, हे बरंचसं ऑपरेशनच्या दिवशी तो कसा आहे यावर ठरतं. पाय उचलत आलेल्याला चालत घरी जाण्याची आशा मोठी. पाय पूर्ण जाऊन चार दिवस झालेल्याला मी काय देणार? ‘मणक्याच्या ऑपरेशननं अंथरूण धरलं’ म्हणून ज्यांची उदाहरणं देतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना स्ट्रेचरवरूनच आणलेलं होतं. गादी सरकलेल्या मणक्याची गोष्ट वेगळी, तिथे अनेकांना ऑपरेशन लागतच नाही. हा फॉरवर्ड दोन्हींची मिसळ करतो.

‘परत येतेच’ याला माझी अर्धी मान डोलते. ग्रेड चारचा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा, ग्लायोब्लास्टोमा, परत येतो. पेशंटच्या बायकोनं विचारलं तर मी खोटं बोलत नाही. एका चाचणीत नुसत्या रेडिएशननं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट जेवढं जगतात ते) सुमारे १२ महिने निघालं, जोडीला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या दिल्या तर सुमारे साडेचौदा. अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप? पण त्याच चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेले दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले. त्या सव्वीसांत आपण असू की नाही हे आधी कुणालाच कळत नाही. काही कुटुंबं सगळं ऐकून ‘नको’ म्हणतात. तो निर्णयही मी मानतो. पण तो ऐकून घेतलेला असावा, फॉरवर्ड वाचून नव्हे.

मोबाइलचं लवकर आवरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कारक’ या गटात टाकलं; त्या गटात टाकायला कच्चा पुरावाही पुरतो. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून संबंध सिद्ध झाला नाही. फोन उशाशी नको हे मीही सांगतो, पण झोपेसाठी.

काढ्याचा चमत्कार कसा घडतो, हे मात्र आतलं गुपित आहे. गाठीभोवती मेंदूला सूज असते. डोकेदुखी, अडखळतं बोलणं, अर्धांग, यांतला बराचसा भाग त्या सुजेचा. आम्ही पहिल्याच दिवशी डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड सुरू करतो आणि दोन-तीन दिवसांत सूज ओसरून माणूस उठून बसतो. नेमका त्याच वेळी घरी काढा सुरू झालेला असतो. श्रेय काढ्याला. दोन आठवड्यांनी ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या एकदम बंद करतात, सूज पुन्हा चढते आणि मग मध्यरात्री फिट आलेल्या पेशंटला घेऊन ॲम्ब्युलन्स माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकते. डेक्सा अशी एकदम तोडण्यात वेगळेही धोके आहेत.

आणि पैसा. शंका येत असेल तर दुसरं मत घ्या, चांगला सर्जन रागावत नाही. मुंबईत परळला टाटा आहे, नवी मुंबईत खारघरला त्यांचंच ॲक्ट्रेक आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदू-मणक्याची बरीच ऑपरेशनं बसतात. फक्त जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. कागदावर दुसऱ्याचं मत असतं, गाठ सीडीत असते.

एवढं लिहून ग्रुपवर टाकलं. रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका, हातात पिशवी. कळव्याच्या मेव्हण्याची एमआरआय तीन आठवडे कपाटात पडून होती, मेसेज त्यांनी त्याच्यासाठीच पुढे पाठवला होता. सीडी लावली. डी-आठच्या, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीला, मज्जारज्जूच्या बाहेर, गुळगुळीत कडेची गाठ. ‘पाय उचलतात का?’ मी विचारलं. ‘जिना चढताना कठडा धरतात,’ काका म्हणाले, ‘पण चढतात.’ सकाळी आठला घेऊन या म्हटलं.