‘पाच लाखांपर्यंत सगळं मोफत’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

कुटुंबाच्या ग्रुपवर हा मजकूर तुम्हालाही आला असेल: ‘महाराष्ट्रात आता प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत. कोणत्याही हॉस्पिटलमध्ये जा, फक्त रेशनकार्ड दाखवा. मेडिक्लेमचे हप्ते भरणं बंद करा. आजारपणाच्या खर्चाची चिंता मिटली. खासगी हॉस्पिटलं खुली झाल्यावर सरकारी दवाखाने हवेत कशाला?’ खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. सुरुवातीचं वाक्य बरंचसं खरं असल्यामुळे पुढची चारही त्याच्या जिवावर खपून जातात.

‘प्रत्येकाला.’ हा मजकूर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलचा आहे आणि याबाबत तिला श्रेय द्यायलाच हवं. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा भर पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांवर होता आणि मर्यादा दीड लाखाची. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही आत आलं, मर्यादा पाच लाख झाली, उपचारांची यादी 1,356 वर गेली आणि 1 जुलै 2024 पासून अंमल सुरू झाला. पण हे पाच लाख माणशी नाहीत. ते अख्ख्या कुटुंबाचे, वर्षाचे आहेत. वडिलांची बायपास आणि आईची केमोथेरपी एकाच वर्षात आली, तर दोन्ही खर्च त्याच रकमेतून जाणार.

‘कोणत्याही हॉस्पिटलमध्ये.’ नाही. फक्त अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयात, आणि तिथेही ते ज्या विभागासाठी अंगीकृत आहे त्याच आजारासाठी. हृदयाच्या शस्त्रक्रिया योजनेत करणारं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असेलच असं नाही. काही शस्त्रक्रिया तर सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. अंगीकृत खासगी रुग्णालयांची दाटी पुण्या-नाशकाकडे; गडचिरोलीच्या माणसाला कार्ड तेच मिळतं, पण ते वापरायला त्याला बऱ्याचदा जिल्हा ओलांडावा लागतो. गाडीभाडं, सोबतच्या नातेवाइकाचं खाणंपिणं आणि बुडालेली मजुरी कुठल्याच पॅकेजमध्ये पूर्ण बसत नाही.

इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. योजना कॅशलेस आहे. रोखीने बिल भरून नंतर पैसे परत मागायची सोय तिच्यात नाही. म्हणून पेशंट दाखल करतानाच आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचं, टेबल शोधायचं आणि ‘योजनेतून करायचंय’ हे आधी बोलायचं, डिपॉझिट भरून झाल्यावर नव्हे. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर 155388 हा टोल फ्री क्रमांक आहे.

धर्मादाय रुग्णालयांचा तर या मजकुरात उल्लेखही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानुसार त्यांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. हा हक्क पाच लाखांच्या कार्डाहून जुना आहे. तो फॉरवर्ड होत नाही, कारण त्यावर कुणाचा फोटो नाही.

‘मेडिक्लेम बंद करा.’ ज्याला हप्ता झेपतच नाही त्याची गोष्ट वेगळी. पण जो भरतोय त्याने या मजकुरावर विसंबून पॉलिसी सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, म्हणजे त्यांचा खर्च विमा देत नाही तो काळ, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, नव्याने सुरू होईल. तोवर वयही वाढलेलं असतं आणि हप्ताही.

‘खर्चाची चिंता मिटली.’ खरी गोम इथे आहे. योजना दाखल होणाऱ्या पेशंटची आहे. दाखल होण्याआधीचं आणि डिस्चार्जनंतरचं थोड्या दिवसांचं काही त्यात येतं, पण ओपीडी येत नाही. आणि घराला पोखरतो तो बहुधा ओपीडीचाच खर्च. आजीची शुगरची गोळी, बाबांचं बीपी, थायरॉईड, दम्याचा पंप, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी. महिन्याला हजार-बाराशे धरा. वर्षाला बारा-चौदा हजार, आणि तेही मरेपर्यंत. शेतमजुराच्या घरात एवढे पैसे वाचवायचा एकच मार्ग असतो: गोळी एक दिवसाआड घ्यायची. मग काही वर्षांनी किडनी जाते किंवा झटका येतो आणि तेव्हा मात्र योजना धावून येते, डायलिसिसचे पैसे देते. पन्नास पैशांना पडणारी गोळी न देता डायलिसिसचं बिल भरणारी ही व्यवस्था मला तरी उलटी वाटते. 2025 मध्ये सरकारने उपचारांची यादी 2,399 पर्यंत वाढवायचा निर्णय घेतला. स्वागत आहे, पण यादी कितीही लांबली तरी ती सुरू होते पेशंट खाटेवर पडल्यावर.

सरकारचेच आकडे घ्या. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यावरच्या खर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, 2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 64.2 टक्के लोक खिशातून करत होते, 2021-22 मध्ये 39.4 टक्के. घट मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून लोकांच्याच खिशातून जातात, आणि ओपीडीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा औषधांचा असतो.

‘सरकारी दवाखाने हवेत कशाला?’ ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं. बरेच रुग्ण इतर ठिकाणांहून अगदी शेवटच्या अवस्थेत आले होते, असं प्रशासन म्हणालं. ते मान्य केलं तर प्रश्न आणखी टोकदार होतो: बाकीच्यांनी हात वर केल्यावर लोक जातात ते याच इमारतीत. ती मोडकळीला आली तर कार्ड घेऊन जायचं कुठे?

आणि ओपीडीचं उत्तरही तिथेच आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी, चाचण्या आणि औषधं मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, ती या निर्णयात नाहीत.) माझ्या मते हा निर्णय पाच लाखांच्या कार्डापेक्षा मोठा आहे. घोडं अडतं ते औषधांच्या खिडकीवर. चिठ्ठी मोफत मिळते आणि चारातली दोन औषधं ‘बाहेरून आणा’ म्हणतात.

यावरचा उपाय देशात जुना आहे. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. रुग्णालयाने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचं, पासबुकात नोंद करायची. राजस्थानने त्याच वाटेने जाऊन 2 ऑक्टोबर 2011 पासून मोफत औषध योजना सुरू केली. आपल्याकडे 2017 मध्ये औषधखरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच संस्थेकडे गेली, ती रखडत राहिली आणि 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमावं लागलं. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात शुगरचं मेटफॉर्मिन आणि बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन बाराही महिने मिळतं का, हे एकदा खिडकीवर जाऊन विचारा. मिळत नसेल तर ते आमदारांना लेखी कळवा आणि त्याच ग्रुपवरही टाका.