पत्री सरकार दरोडेखोरांचं होतं म्हणे!

ऑगस्ट उजाडला की आमच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातला एक तर वाळवा तालुक्यातलाच. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकू. पत्री सरकार म्हणजे नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिगतांनी साताऱ्यात इंग्रजांना समांतर चालवलेलं प्रतिसरकार. मेसेजचा सारांश असा: 'साताऱ्याचं पत्री सरकार ही बेचाळीसच्या गोंधळात हात धुऊन घेणारी दरोडेखोरांची टोळी होती. त्यांनी गाड्या आणि खजिने लुटले, सावकारांच्या पायांत खिळे मारून नाल ठोकले. बाया तेव्हा घरातच होत्या. आणि इंग्रज महायुद्धाने खिळखिळा झाला होता, तो जाणारच होता.'

टोळीचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. 1942च्या तारखा नुसत्या ओळीने लावा. 24 ऑगस्टला कराडच्या कचेरीवर मोर्चा. 3 सप्टेंबरला तासगावला. तिथे लोकांनी मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावली आणि कचेरीवर तिरंगा चढवला. 9 सप्टेंबरला वडूजमध्ये गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. दिवसाढवळ्या, हातात झेंडा घेऊन, बंदुकांसमोर चालत जाणारे दरोडेखोर मी तरी ऐकलेले नाहीत. माणसं भूमिगत झाली ती या गोळीबारांनंतर आणि धरपकडीनंतर.

पुढचा भाग मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून त्याने तो गिळला असावा. पोलीस भूमिगतांच्या मागे लागले तसे गावोगाव खरे दरोडेखोर मोकाट सुटले. त्यातले काही पोलिसांचे खबरेही झाले. 1943मध्ये भूमिगत कार्यकर्त्यांनी हातात घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होतं या टोळ्यांचा बंदोबस्त. गावांचा विश्वास तिथून बसला. म्हणजे मेसेज नेमका उलटा आहे: ज्यांनी दरोडे मोडले त्यांनाच दरोडेखोर ठरवलंय. ही युक्ती जुनीच. तेव्हाचे सरकारी कागदही भूमिगतांना गुंडच म्हणत.

दरोडेखोरांच्या टोळीला न्यायदान मंडळ लागत नाही. प्रतिसरकारची अशी मंडळं गावात बसत आणि निवाडा चारचौघांसमोर देत. बांधाचं भांडण, सावकाराने गिळलेली जमीन, टाकून दिलेली बायको, दारूपायी उद्ध्वस्त झालेलं घर, असली प्रकरणं तिथे येत. ज्याने तालुक्याच्या कोर्टात पिढीजात तारखा घेतल्या आहेत त्याला याची किंमत मी सांगायला नको. थोड्या खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लागत, तेही याच कामात धरलं जाई. नाना पाटील स्वतः आधी तलाठी होते, 1930मध्ये नोकरीवर लाथ मारून चळवळीत आले. सातबारा कुठे फिरतो आणि सावकार कुठे बोट ठेवतो, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नसणार.

लुटीबद्दल. 7 जून 1943ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून कॅप्टन रामचंद्र लाड (कॅप्टन भाऊ) यांच्या तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, तुकडीने घेतली ती सरकारी पगाराची रक्कम. 14 एप्रिल 1944ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशातल्या साथीदारांनी घेतले तेही सरकारी खजिन्यातले, सुमारे साडेपाच लाख. पैसा सरकारचा होता आणि भांडण सरकारशीच होतं. याला लूट म्हणायला कॅप्टन भाऊ म्हातारपणीही तयार नव्हते. लोकांचा पैसा लोकांकडे आणला, असं त्यांचं म्हणणं.

आता 'पत्री'. मारहाण झालीच नाही असं मी म्हणणार नाही. खबऱ्यांना आणि गुंडांना जबर शिक्षा झाल्या, तळव्यांवर काठ्या बसल्या. हे अहिंसेत बसत नव्हतं आणि गांधीजींना पटणारंही नव्हतं. 1944मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर यायला सांगितलं, साताऱ्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलं नाही. यावर टीका करायची असेल तर खुशाल करा. पण बैलाला ठोकतात तशी पत्री माणसाच्या पायाला ठोकली, ही गोष्ट सांगणाऱ्यागणिक फुगत गेली. त्यांतल्याच कार्यकर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती तळव्यांवरची काठीच. 'प्रति'चं 'पत्री' व्हायला आपल्याकडच्या जिभेला कितीसा वेळ लागतो?

बाया घरात होत्या म्हणे. नानांची मुलगी हौसाताई भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर 'नवऱ्याचा' मार खात होती. नवरा खोटा, भांडणही ठरवून केलेलं. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि मागच्या मागे साथीदारांनी बंदुका उचलल्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, धुळ्याकडच्या लीलाताई पाटील ही आणखी दोन नावं. चुलीपाशी बसून भूमिगतांना भाकरी थापणाऱ्यांची तर यादीच नाही, आणि त्या भाकरीलाही तेव्हा तुरुंगाची शिक्षा होती.

महायुद्धाचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच फसवा. युद्धाने इंग्रज थकला, मान्य. पण थकलेला इंग्रज कधी जाईल, हे 24 जुलै 1943ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या वसंतदादांना कुणी कळवलं नव्हतं. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मेले, दादांना गोळी लागली.

आता आपल्या बाजूच्या मेसेजलाही एक टोला, नाहीतर तोंडदेखलं होईल. 'साडेतीन वर्षं जिल्ह्यात इंग्रजांचा पोलीस पाय ठेवू शकला नाही,' असंही फिरतं, वर 'सांगली जिल्ह्यात' म्हणून. एक तर तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव साताऱ्यात, सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात आणि कुंडल औंध संस्थानात. दुसरं म्हणजे पोलीस येत होते. 25 फेब्रुवारी 1946ला, स्वातंत्र्य दीड वर्षावर आलेलं असताना, शिराळ्याकडच्या मणदूरच्या डोंगरात त्यांच्याशी चकमक झाली. नागनाथअण्णा वाचले. किसन अहिर आणि पंजाबातून येऊन इथल्या पोरांना शस्त्रं शिकवणारे नानकसिंग तिथेच पडले. वाळव्यात आज उसाची ट्रॉली 'हुतात्मा' साखर कारखान्याला चालली असं म्हणतात, त्यातला हुतात्मा म्हणजे हे किसन अहिर.